बेचाळीस, एक्केचाळीस, त्रेचाळीस

आष्टी तालुक्यातल्या काही शे घरांत माझं अक्षर आहे. शाळेत अक्षरावरून रोज छड्या खाल्लेल्या माणसाला ही लहान गोष्ट वाटत नाही. भिंतीवर ठोकलेला इंटरनेटचा पांढरा डबा, त्याच्या अंगावर काळ्या मार्करनं लिहिलेली तारीख, आणि तारखेपुढं एक आकडा. तो आकडा म्हणजे त्या दिवशी मी त्या घरात मोजलेला स्पीड.

ही सवय जुनी. तारांचे फोन होते तेव्हा मी लाइनमन होतो, आणि दुरुस्ती झाली की फोनमागच्या भिंतीवर पेन्सिलनं तारीख टाकायचो. फोन गेले, फायबर आलं, मी एका खासगी ठेकेदाराकडे लागलो आणि पेन्सिलचा मार्कर झाला. कंपनीनं तसं करायला सांगितलं नव्हतं. पण पुढच्या वेळी गिऱ्हाईक तावातावानं भांडायला लागलं, की त्या आकड्यावर बोट ठेवून सांगता यायचं, हे बघा, मी गेलो तेव्हा एवढं होतं. बहुतेक जण गप्प बसायचे. खंडेनवमीला हत्यारांबरोबर डब्यालाही हळदकुंकू लागायचं, पण माझ्या आकड्यावर कुणी बोट फिरवलेलं मी पाहिलं नाही.

कडा गावातल्या एका डब्यावर मात्र माझे आकडे तीन आहेत आणि त्यांच्याखाली एक शब्द आहे. निवृत्तीनंतर कामाबद्दल लिहा म्हणून आग्रह झाला, तेव्हा बाकी सगळं बाजूला सरलं आणि तोच डबा डोळ्यांसमोर राहिला. म्हणून त्याच्याबद्दलच लिहितो.

त्याआधी स्पीड मोजतात कसा, ते सांगायला हवं. नाहीतर माझी चूक कळायची नाही.

मोबाइलवर एक ॲप असतं. बटण दाबलं की ते दूरच्या एका मशीनकडून भराभर माहिती मागवतं आणि ती किती वेगानं आली ते मोजतं. हा पहिला आकडा, घरात येणाऱ्याचा. मग तेच ॲप उलट दिशेनं माहिती पाठवून बघतं. हा दुसरा आकडा, घरातून जाणाऱ्याचा. सिनेमा बघायचा, क्रिकेट बघायचं, तर पहिला आकडा लागतो. आपला फोटो दुसऱ्याला पाठवायचा, व्हिडिओ कॉलवर आपलं तोंड समोरच्याला दिसायला हवं, तर दुसरा. लोक विचारतात फक्त पहिला. कंपनीही तोच विचारायची. तक्रार बंद करायच्या मोबाइलवरच्या फॉर्ममध्ये ‘स्पीड’ म्हणून एकच रकाना होता, त्यात आकडा भरायचा, खाली गिऱ्हाइकाची सही घ्यायची. चोवीस तासांत सही आली नाही तर वरून फोन.

आता आमची पद्धत. डब्यापासून दोन हातांवर उभं राहायचं. घरातल्या सगळ्यांना मोबाइल बंद करायला लावायचे. टीव्हीही बंद. ॲपमध्ये सगळ्यात जवळचं मशीन निवडायचं, जे बहुतेक आमच्याच कंपनीचं असायचं. मग बटण. पहिला आकडा आला की ॲप बंद, दुसऱ्यासाठी कुणी थांबायचं नाही. आकडा कधी खोटा नसायचा. चाळीसच्या प्लॅनला चाळीसच्या आसपास भरायचंच. ऐन सणात झाडून पुसून घेतलेल्या घरासारखा तो आकडा, रोज तसं घर कुणाचंच नसतं.

आष्टीत एक निवृत्त हेडमास्तर होते, त्यांनी मला यावरून फार छळलं. त्यांचं म्हणणं, मी परसातल्या बाजेवर बसून मोबाइल बघतो, तर तिथंच मोजा. मी म्हणायचो, गुरुजी, तिथं भिंती आड येतात, डब्यापाशी मोजायचा नियम आहे. ते म्हणायचे, “डब्यापाशी कोन बसतंय? मी काय डब्याच्या मांडीवर बसून पेपर वाचू का?” मला ते विक्षिप्त वाटायचे. त्यांची तक्रार आली की मी ती दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारायला बघायचो. आणखी एक किराणा दुकानदार होते. त्यांनी चोरीच्या भीतीनं डबा लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं आणि नेट येत नाही म्हणून कंपनीला शिव्या देत होते. कपाट उघडलं, बेचाळीस. कपाट लावलं, दोन. मी त्यांना हसलो, गावभर सांगितलं. आज वाटतं, आमचा फॉर्म तरी काय, कपाट उघडं ठेवूनच भरलेला असायचा.

शिवलिंगआप्पा कड्याचे. बसस्टँडकडून बाजाराकडे जाताना डाव्या हाताला त्यांचं शिलाईचं दुकान, दुकानामागं घर. आप्पा जन्मापासून ऐकत नव्हते आणि बोलत नव्हते. पण अंगाचं माप घेताना त्यांना कधी काही विचारावं लागलं नाही. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात टेप, मशीनवर वाकलेली पाठ. सदऱ्याची बाही कुठवर हवी, हे गिऱ्हाईक मनगटावर बोट ठेवून सांगायचं आणि आप्पा मान डोलवायचे. त्यांच्या पत्नी महानंदाकाकू ऐकणाऱ्या. लग्नानंतर त्या हातांची भाषा शिकल्या. मुलगी एकच, गिरिजा. ती वडिलांसारखीच. कर्णबधिरांच्या शाळेत शिकली, आईवडिलांना अक्षरओळख नव्हती, पण लिहायवाचायला तिला उत्तम येतं. तिला परळीला दिली होती, तिच्यासारख्याच मुलाला. तो राखेच्या विटांच्या कारखान्यात कामाला.

कडा आणि परळी म्हणजे जिल्ह्याची दोन टोकं. बापलेक रोज सकाळी व्हिडिओ कॉलवर बोलायचे, हातांनी. फायबर घेतलं ते त्यासाठीच, कारण आप्पांच्या घरात मोबाइलला जेमतेम एक रेघ यायची. आपल्याला व्हिडिओ अडकला तरी आवाज येत राहतो, आपण म्हणतो, चित्र जाऊ दे, बोल तू. त्यांचं तसं नव्हतं. चित्र थांबलं की बोलणंच थांबलं. हे मला तेव्हा सुचलं नाही. इतकं साधं असून सुचलं नाही.

पहिली तक्रार आषाढात आली. गिरिजाला आठवा लागत होता. पहिलं बाळंतपण, ते माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी प्रवासाला सक्त मनाई केली होती. इकडे आप्पांना दम लागायचा, अंगणाच्या बाहेर जाणं बंद झालं होतं. मी गेलो तेव्हा ते खुर्चीवर बसले होते आणि समोर स्टूलवर तांब्याला टेकवून मोबाइल उभा केला होता.

काकू म्हणाल्या, “सुभाषभाऊ, तिला आमचं दिसंना झालंय. थांबून थांबून येतंय म्हनती.”

मी वाकून पडद्यावर बघितलं. गिरिजा दिसत होती, अगदी स्वच्छ. तिच्या मागच्या भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा वाचता येत होतं.

“काकू, चित्र तर लख्ख हाय की.”

“आपल्याला दिसतंय हो. तिला न्हाई दिसत.”

“मग तिच्याकडचं काही असंल. परळीला तक्रार टाकायला सांगा.”

मी मोजलं. बेचाळीस. डब्यावर लिहिलं, काकूंचा अंगठा घेतला. त्यांचा कॉल तेवढा मी बंद करायला लावला नव्हता. मी मोजत होतो तेव्हा आप्पा गिरिजाशी बोलत होते, हात हलवून, अंगात दम नसताना. ते मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसत होतं. माझं लक्ष ॲपमधल्या स्पीडच्या काट्याकडे होतं.

परळीला आमच्याच कंपनीचा हारून होता. तारांच्या फोनपासूनचा दोस्त. गिरिजानं तिकडे तक्रार टाकली, तो गेला, त्यानं मोजलं आणि मला फोन केला.

“सुभाषभाई, इथं एकदम बराबर हाय. चाळीस भरायलंय. तुमच्या तिकडंच बघा.”

“माझ्याकडं बेचाळीस हाय बे.”

“मग झालं की. दोन्हीकडं ओके.”

दोन्हीकडं ओके. दोघांनीही आपापल्या घरात येणारंच मोजलं होतं. माझ्या टोकाहून काय बाहेर पडतंय, हे ना त्यानं बघितलं ना मी. पस्तीस वर्षं तारेचं काम केलेली आम्ही दोन माणसं, एकमेकांना शाबासकी देऊन मोकळे झालो.

दुसऱ्या तक्रारीला एक्केचाळीस. त्या दिवशी काकूंनी आणखी एक गोष्ट सांगितली. “तिला व्हिडिओ काढून धाडून बघितला. नुसती चकरी फिरती, जातच न्हाई.” या एका वाक्यावर शिकाऊ माणसानंही ओळखलं असतं की घरातून जाणारी बाजू अडलेली आहे. मी काकूंचा मोबाइल हातात घेतला, त्यातले जुने फोटो बघितले आणि म्हणालो, “मेमरी भरलीय, डिलीट करा.” त्यांनी नातेवाइकांच्या लग्नातले फोटो माझ्यासमोर एकेक करून पुसले.

तिसऱ्या वेळी त्रेचाळीस. त्या वेळी मी जरा चिडलो होतो. दिवसाच्या यादीत नऊ तक्रारी होत्या. “काकू, आता हे बघा,” मी डब्यावरचे तिन्ही आकडे दाखवले, “ह्याच्यापेक्षा जास्त कुणाच्याच घरी न्हाई.” काकू वाचू शकत नव्हत्या. आकड्यांकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “आसंल भाऊ. तुमी म्हनता तर आसंल.” आणि अंगठा दिला.

माझ्या पिशवीत तेव्हा दोन नवे डबे होते. नेहमी असायचे.

श्रावणातल्या एका सोमवारी आमच्या मंडळींचा परळीच्या वैजनाथाला अभिषेक ठरला. काकूंना ते कुठून कळलं कोण जाणे, आदल्या दिवशी त्यांनी निरोप पाठवून बोलावलं आणि एक गाठोडं दिलं. डिंकाचे लाडू होते आणि आप्पांनी शिवलेली झबली होती, जुन्या मऊ धोतराची. “गिरिजाला द्या. आन् तिची तब्येत डोळ्यांनी बघून या.” आप्पांनी खुर्चीतून हात जोडले.

दर्शन झालं आणि आम्ही दुपारी गिरिजाच्या घरी गेलो. विद्युत केंद्राच्या बाजूची वस्ती. दारातल्या तुळशीच्या पानांवर राखेचा थर, गिरिजा तो ओल्या फडक्यानं पुसत होती. तिनं मला ओळखलं, व्हिडिओत पाहिलं होतं. माझ्या मंडळींना हाताला धरून आत नेलं, चहा केला, झबली एकेक करून छातीला लावली. मग गाठोडं पोचलं हे दाखवायला तिनं आप्पांना कॉल लावला आणि मोबाइल माझ्याकडेही वळवला.

मी तो पडदा पहिल्यांदा या बाजूनं बघितला.

आप्पांचा उजवा हात वर उचललेला होता आणि तिथंच थांबला होता. बोटांच्या जागी पांढरट चौकोन. पाच-सहा सेकंदांनी हात एकदम मांडीवर दिसला. मधलं सगळं गेलं. पुन्हा हात वर, पुन्हा चौकोन. मग आप्पांचा चेहरा आला, तोंड अर्धवट उघडं, आणि तसाच थांबून राहिला. मी तीन वेळा त्या माणसाशेजारी उभा राहिलो होतो. पाच आठवडे त्याच्या मुलीला तो असा दिसत होता.

गिरिजानं वही घेतली आणि लिहून माझ्यापुढं धरली.

“तुम्ही तिथे होता. आप्पांच्या मागे उभे होता. मला दिसलात. आप्पा त्या दिवशी काय म्हणाले?”

मी तिच्या हातातलं पेन घेतलं आणि लिहिलं, मला हातांची भाषा कळत नाही. खरं म्हणजे मी बघितलंच नव्हतं, पण ते लिहायचं धाडस झालं नाही.

तिनं वही परत घेतली. या वेळी लिहायला वेळ लागला. “मी आप्पांना विचारलं, बाळ माझ्यासारखं झालं तर? इथे सगळे तेच बोलतात. मला ओठांवरून कळतं. आप्पांनी उत्तर दिलं. मला दिसलं नाही. तीन वेळा विचारलं, आई समोर नसताना. आता विचारत नाही. त्यांना त्रास होतो.”

“आईला का नाही विचारलं?” मी लिहिलं.

“आई रडते. आणि मेसेज पाठवला तर शेजारचे वाचून दाखवतात. हे त्यांनी वाचायचं नाही.”

माझ्या मंडळींनी वही वाचली आणि माझ्याकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी माझ्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं. मी तिथूनच हारूनला बोलावलं. तो आला, आणि आम्ही दोघांनी पहिल्यांदा दुसरा आकडा बघितला. गिरिजाच्या घरात येणारं आणि घरातून जाणारं, दोन्ही ठणठणीत होतं. म्हणजे दोष कड्याला होता, माझ्या टोकाला. हारून माझ्या खांद्यावर हात ठेवून निघून गेला.

इथून पुढचं लिहायला मला जड जातं. सोमवारी मी परळीला होतो. मंगळवारी सकाळी उठून मी थेट कड्याला जायला हवं होतं. पण आप्पांची तक्रार माझ्याच सहीनं बंद झालेली. बंद तक्रार यादीत नसते. यादीत त्या दिवशी अकरा घरं होती, आणि ती आधी उरकू म्हटलं. बुधवारीही तसंच. गुरुवारी गेलो तर घराला कुलूप. शेजाऱ्यांनी सांगितलं, आप्पांना काल पहाटे अर्धांगाचा झटका आला, नगरला नेलंय.

दहा-अकरा दिवस ते दवाखान्यात होते. आत मोबाइल न्यायला बंदी, शुद्धही अर्धीमुर्धी. घरी आणल्याचं कळलं त्या दिवशी मी यादी न बघता निघालो. आप्पा खाटेवर होते. त्यांची उजवी बाजू गेली होती. ज्या हातानं कात्री चालवली, ज्या हातानं मुलीशी बोलले, तो हात गोधडीवर नुसता ठेवलेला होता.

मी आधी मोजलं. येणारं बेचाळीस. जाणारं, एकाच्याही खाली. ऑफिसला फोन करून विचारलं, या घराकडून तुमच्याकडे उजेड किती येतो? फायबरमध्ये सगळं उजेडानंच चालतं. पलीकडचा माणूस म्हणाला, लई कमी येतोय, डबा बदला. डब्यातला उजेड फेकणारा भाग थकला होता. बाहेरून येणारं सगळं त्याला मिळत होतं, त्याच्याकडून पुढं काही जात नव्हतं. मी त्याच्याशेजारी नवा डबा लावला, वायर ह्यातून काढून त्यात घातली. दहा मिनिटं लागली. जाणारं अडतीस भरलं.

मी काकूंना सांगितलं. सगळं सांगितलं, की पहिल्याच दिवशी हे व्हायला हवं होतं, डबा पिशवीत होता, मी बघितलं नाही. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, “बोलावलं तवा आलात, भाऊ. तेवढं तरी कोन येतंय.” त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो.

काकूंनी कॉल लावला आणि मोबाइल खाटेजवळ धरला. गिरिजा पडद्यावर आली. नववा लागला होता, चेहरा सुजलेला. वडिलांना तसं बघून तिनं दोन्ही हात तोंडावर दाबले. मग तिनं हात खाली घेतले आणि काहीतरी विचारलं. पोटावर हात, मग कान, मग स्वतःकडे बोट. हातांची भाषा न येणाऱ्या मलाही तो प्रश्न कळला. काकूंनी मोबाइल आणखी जवळ नेला. त्यांना हा प्रश्न आज पहिल्यांदा कळत होता.

या वेळी मी आप्पांकडे बघत होतो.

आप्पांनी डावा हात उचलला. तो सवयीचा हात नव्हता. वीतभर वर आला, थरथरत. बोटं जुळायला वेळ लागत होता. खूण इतकी बारीक होती की जुन्या डब्यावरून त्यातलं काहीही पलीकडे गेलं नसतं. छातीकडे बोट, मग पडद्याकडे, मग दोन बोटं जवळ आणली. थांबले. दम घेतला. पुन्हा हात उचलला.

मी काकूंना विचारलं, “काय म्हनतेत?”

काकू रडत नव्हत्या. हळू आवाजात, एकेक खूण संपेल तसं सांगत गेल्या. “म्हनतेत, आपल्यासारखं झालं, तर आपल्याशी बोलंल. ऐकनारं झालं, तर आपल्याशीबी बोलंल आन् जगाशीबी बोलंल. आईवानी.” मग काकूंनी माझ्याकडे वळून बघितलं. “आईवानी म्हनले. मला म्हनले.”

पलीकडे गिरिजा हलत नव्हती. मी घाबरलो. वाटलं, पुन्हा चित्र थांबलं. मोबाइलकडे झेप घेणार तेवढ्यात ती खाली वाकली, वही उचलली आणि त्यावर एक शब्द मोठ्या अक्षरात लिहून आमच्यापुढं धरला.

“दिसलं.”

त्या दिवशी डबा बदलण्यासाठी मीच नवी तक्रार नोंदवली होती, ती बंद करायची होती. फॉर्ममधल्या त्या एका रकान्यात मी तो शब्द भरायला गेलो. फॉर्म अक्षर घेत नव्हता, आकडाच मागत होता. शेवटी बेचाळीस भरून तो पाठवला. कंपनीच्या दफ्तरी त्या घराची नोंद आजही बेचाळीसचीच असेल. जुना डबा नियमानं परत करायचा असतो. मी तो हरवला म्हणून कळवलं आणि ऐकून घ्यायचं ते ऐकून घेतलं. नव्या डब्याशेजारी भिंतीवर तो तसाच राहू दिला, आणि तीन आकड्यांच्या खाली मार्करनं तो शब्द लिहिला.

आप्पा त्यानंतर बावीस दिवस होते. रोज कॉल व्हायचा. सोळाव्या दिवशी गिरिजा बाळंत झाली, मुलगी झाली. आप्पांनी नात पडद्यावर पाहिली आणि डाव्या हातानं झबल्याच्या गळ्याकडे खूण केली, गळा सैल आहे, एक टीप घाला. लोक मला म्हणतात, तुमच्यामुळं ते बावीस दिवस मिळाले. म्हणणाऱ्यांना त्याआधीचे पाच आठवडे माहीत नाहीत, जेव्हा आप्पांचे दोन्ही हात चालत होते. मी मनातल्या मनात ते मोजतो. पुढं निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येक डब्यावर दोन आकडे लिहिले, आणि गिऱ्हाईक जिथं बसतं तिथं जाऊन मोजलं. हेडमास्तरांच्या परसातसुद्धा जाऊन आलो. ते बाजेवर बसून म्हणाले, “आता आलात का ताळ्यावर?” मी म्हटलं, हो गुरुजी.

परवा काकूंचा निरोप आला. गिरिजा मुलीला घेऊन माहेरी आली होती. मुलगी आता दुडूदुडू पळते. ती ऐकते की नाही, ते मी इथं लिहीत नाही, त्या घरात त्यावरून काहीच अडत नाही. मी गेलो तेव्हा ती आजीपुढं उभी राहून दोन्ही हातांनी लाडू मागत होती.

डब्यावरची शाई फिकट झाली होती. गिरिजानं माझ्या हातात मार्कर दिला आणि त्या शब्दावर बोट ठेवलं. मी चष्मा लावून तो सावकाश गिरवला. मग वरचे आकडे गिरवायला लागलो. बेचाळीस, एक्केचाळीस.

काकू म्हणाल्या, “आवो भाऊ, ते आकडे कावून गिरवायलात? जाऊ द्या की पुसून.”

“असू द्या काकू,” मी म्हणालो. “शब्द तुमचा हाय. आकडे माझे हायेत.”

आणि त्रेचाळीसही गिरवला.